पाकीट क्रमांक ११,६६८

१८ मे २००० रोजी पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एक जुनं पाकीट फोडण्यात आलं. आत शाळकरी पोरं वापरतात तसली वही निघाली. तिच्यातल्या फ्रेंच मजकुराचं शीर्षक होतं 'कोल्मोगोरोव्ह यांच्या समीकरणाविषयी'. पाकीट अकादमीकडे आलं होतं फेब्रुवारी १९४० मध्ये, लॉरेनच्या आघाडीवरून. पाठवणारा वोल्फगांग डोब्लिन, वय २४, फ्रेंच पायदळात टेलिफोनवर नेमलेला साधा शिपाई. रात्रपाळीत यंत्रापाशी बसून त्यानं ते लिहिलं होतं. अशी सीलबंद पाकिटं ठेवून घ्यायची अकादमीची फार जुनी पद्धत आहे. नोंदवहीत क्रमांक आणि तारीख चढते, पाकीट कपाटात जातं, आणि ते उघडायचा हक्क लेखकाचा किंवा त्याच्या वारसांचा. कुणीच आलं नाही, तर शंभर वर्षांनी अकादमी स्वतः उघडते. शोध आपला होता याचा पुरावा राहतो, आणि शोध झाकलेलाही राहतो. डोब्लिन बर्लिनमधून पळून आलेल्या ज्यू कुटुंबातला. जून १९४० मध्ये जर्मन फौजांनी वेढा आवळला तेव्हा व्होज डोंगरातल्या एका खेड्यात त्यानं जवळचे कागद जाळले आणि स्वतःला गोळी घातली. कपाटातलं पाकीट मात्र साठ वर्षं तसंच राहिलं.

या हकिकतीतला करुण भाग सगळेच सांगतात. मला टोचतं ते वेगळंच. वही उघडली तेव्हा तिच्यातलं जवळपास सगळं काही दुसऱ्यांना सापडून गेलेलं होतं: कुणाला टोकियोत, कुणाला मॉस्कोत, कुणाला न्यूयॉर्कमध्ये. म्हणजे वही बंद राहिली तरी गणिताचं काही अडलं नाही. मग गणितज्ञ देशोदेशी एकमेकांकडे जातात, विमानं धरतात, व्हिसाच्या रांगेत उभे राहतात, अपरात्री कॉलवर बसतात, ते कशासाठी? कल्पना तर घरबसल्याही सुचतेच आहे.

रशियन गणितज्ञ कोल्मोगोरोव्ह यांनी १९३१ मध्ये जे समीकरण मांडलं ते एवढंच सांगत होतं की एखादा कण आत्ता इथे असेल, तर काही वेळानं अमुक ठिकाणी असण्याची संभाव्यता किती. कणाच्या रस्त्याबद्दल त्यात अक्षर नव्हतं. शंभर प्रवाशांपैकी किती कुठे पोचले हे कळतं, पण एकाही प्रवाशाची वाट दिसत नाही, अशातली गत. डोब्लिनला ती वाट हवी होती. आणि त्याच्याच वयाच्या, त्याच्याप्रमाणेच १९१५ मध्ये जन्मलेल्या दुसऱ्या एका माणसालाही. कियोशी इतो तेव्हा जपान सरकारच्या सांख्यिकी खात्यात नोकरीला होते, आणि संभाव्यतेवर काम करणाऱ्या पॉल लेव्ही, कोल्मोगोरोव्ह, डूब यांचे युद्धाआधी हाती आलेले लेख वाचत होते. एकाला दुसऱ्याच्या या कामाची खबर नव्हती.

इतोंची गोम एका ओळीत मावते, म्हणून ती जवळून बघण्यासारखी आहे. ब्राउनियन मोशन म्हणजे द्रवात तरंगणाऱ्या कणाची नशिबावर सोडलेली वेडीवाकडी हालचाल. तिचा एक सेकंदाचा रस्ता घ्या आणि त्याचे दहा हजार समान तुकडे करा. वेळेचा एक तुकडा १/१०,००० सेकंदाचा. पण तेवढ्यात कण सरकतो तो साधारण त्याच्या वर्गमुळाइतका, म्हणजे १/१०० च्या घरात. कॉलेजच्या कॅल्क्युलसमध्ये लहान फरकाचा वर्ग आपण डोळे मिटून टाकून देतो, कारण तो नगण्य असतो. इथे एका तुकड्याचा वर्ग सरासरी १/१०,००० आहे, तुकडेही १०,००० आहेत, बेरीज भरते १. तुकडे दहा लाख केले तरी बेरीज १ च. म्हणजे वर्ग टाकता येत नाही, तो वेळेच्या रूपात हिशोबात उरतो. म्हणूनच ब्राउनियन मोशन B चं B च्याच संदर्भात इंटिग्रल घेतलं की उत्तर नुसतं B च्या वर्गाचं निम्मं येत नाही. त्या वर्गातून आधी वेळ वजा करावी लागते आणि मग निम्मं. ती वजा केलेली वेळ हाच इतोंच्या सूत्राचा जीव. १९४२ मध्ये त्यांनी हे जपानी भाषेत, ओसाकाहून निघणाऱ्या एका सायक्लोस्टाइल केलेल्या पत्रिकेत लिहिलं. १९४४ मध्ये टोकियोच्या अकादमीच्या कार्यवृत्तात इंटिग्रलबद्दल सहा पानं आली. तोवर जपानमधून टपाल जाणार तरी कुठे होतं?

डोब्लिनची वाट वेगळी, आणि माझ्या मते अधिक देखणी. त्यानं इंटिग्रल बांधायचा खटाटोपच केला नाही. रस्त्यातला ठरावीक दिशेचा ओढा वजा करा, तो म्हणतो. जे उरतं ते ब्राउनियन मोशनच असतं, फक्त त्याचं घड्याळ स्वतःचं असतं. जिथे चंचलता जास्त तिथे घड्याळ जोरात पळतं, जिथे कमी तिथे रेंगाळतं. हीच गोष्ट सर्वसाधारण रूपात १९६५ मध्ये दोन ठिकाणी छापून आली: सोव्हिएत नियतकालिकात दांबिस यांची (हो, नाव तसंच आहे), आणि अमेरिकेत डुबिन्स व श्वार्त्झ यांची. डोब्लिनच्या वहीला तेव्हा पंचवीस वर्षं झाली होती.

तिसरा माणूस पुण्यात होता.

दामोदर धर्मानंद कोसंबी १९४३ मध्ये फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत होते. त्या वर्षी 'जर्नल ऑफ द इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी'च्या सातव्या खंडात त्यांचा तेरा पानांचा लेख आला, 'स्टॅटिस्टिक्स इन फंक्शन स्पेस'. प्रश्न असा: एखादं फलनच यदृच्छ असेल, म्हणजे एक आकडा नव्हे तर अख्खा आलेखच नशिबावर सोपवलेला असेल, तर त्याचं वर्णन मोजक्या आकड्यांत कसं करायचं? कोसंबींनी आलेख अशा ठरावीक लाटांमध्ये फोडला की प्रत्येक लाटेपुढचा सहगुणक यदृच्छ, पण त्या सहगुणकांचा आपसात सहसंबंध शून्य. या लाटा मनमानीनं निवडायच्या नसतात. त्या सहविचरणाच्या इंटिग्रल समीकरणातून निघतात. हल्ली वर्गात याचं उदाहरण म्हणून ब्राउनियन मोशनच घेतात. ० ते १ सेकंदाच्या रस्त्यातलं एकूण विचरण (सरासरीभोवतीचा फैलाव) १/२ येतं. त्यातलं ८१ टक्के पहिली एकटी लाट उचलते, दुसरी सुमारे ९ टक्के, तिसरी ३ टक्क्यांहून थोडं अधिक. टोकाटोकानं थरथरणारा, कुठेही स्पर्शरेषा काढता न येणारा तो आलेख, आणि तीन आकड्यांत त्यातला ९३ टक्के ऐवज! चेहरे ओळखणाऱ्या सुरुवातीच्या प्रणाली असोत की वाहत्या द्रवातले भोवरे मोजणं असो, ही पद्धत कामी आली. फक्त पाठ्यपुस्तकांत ती फिनलंडच्या कारुनेन आणि फ्रान्समधल्या लॉएव्ह यांच्या नावानं आली, कारण त्यांचे लेख १९४५ नंतर अशा ठिकाणी छापले गेले जिथे ते वाचले गेले. अलीकडे काही जण कोसंबींचं नाव पुढे जोडू लागले आहेत.

आपल्याकडे हा विषय निघाला की सूर लगेच गाऱ्हाण्याचा लागतो. तो सूर मला पूर्णपणे पटत नाही. लेख कुणी चोरला नव्हता. युद्धाच्या दिवसांत ते नियतकालिक बाहेर फारसं पोचत नव्हतं, हे एक. त्या विषयात पुढे जाणारा विद्यार्थी हाताशी नव्हता, हे दुसरं. आणि तिसरं, कोसंबी स्वतःच दुसरीकडे वळले: आहत नाण्यांची वजनं, आनुवंशिकीत जनुकांमधली अंतरं, प्राचीन इतिहास. एकट्या माणसाचा एकटेपणा नुसता श्रेय घालवत नाही, तो चुकाही लपवतो. १९५९ मध्ये कोसंबींनी मूळसंख्यांबद्दल एक संभाव्यतेचा युक्तिवाद प्रसिद्ध केला, रीमानच्या गृहीतकापर्यंत (मूळसंख्यांच्या वाटणीबद्दलच्या त्या प्रसिद्ध न सुटलेल्या प्रश्नापर्यंत) पोचणारा, आणि तो छापला कृषी-सांख्यिकीच्या नियतकालिकात. त्यातली अडचण संभाव्यतेच्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही समजावता येते. 'जवळपास प्रत्येक यदृच्छ क्रमिकेत असं घडतं' हे सिद्ध झालं, तरी समोरच्या एका ठरावीक क्रमिकेत ते घडेलच असं नाही. आणि मूळसंख्यांची क्रमिका तर एकच आहे, तिच्यात नशिबाचा भाग काही नाही. लेख छापायला देण्याआधी त्यांच्या तोडीच्या कुणी सहकाऱ्यानं समोर बसून हे विचारलं असतं, तर? कोसंबींनी ऐकलं असतंच असं नाही म्हणा. स्वभाव प्रसिद्धच होता.

इतोंचं नशीब वेगळं निघालं ते डूब यांच्यामुळे. इलिनॉयमधल्या डूब यांच्या खटपटीनं इतोंचा सविस्तर निबंध १९५१ मध्ये अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या 'मेमॉयर्स'मध्ये आला, आणि तिथून पुढे त्यांचं नाव सर्वांपर्यंत गेलं. १९५४ ते ५६ इतो प्रिन्स्टनला होते. आणि मग मुंबई. टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं १९६० मध्ये इतोंची व्याख्यानं पुस्तकरूपात काढली. मुखपृष्ठावर व्याख्यात्याखाली आणखी एक नाव आहे: 'टिपणं – के. मुरलीधर राव'. संस्थेची ही रीतच होती. बाहेरचा पाहुणा येतो, फळ्यावर बोलतो. संस्थेतला एखादा तरुण ते उतरवून घेतो आणि छापण्याजोगं करतो. ऐकायला कारकुनी वाटते, पण गणितात यासारखी तालीम नाही. फळ्यावर माणूस म्हणतो 'हे उघड आहे' आणि पुढे जातो. टिपणं लिहिणाऱ्याला पुढे जाता येत नाही, कारण छापील पानावर त्याचंही नाव असतं. मोजता येण्याजोगं आहे का, सीमा आणि इंटिग्रल यांची अदलाबदल चालेल का, शून्य संभाव्यतेचे संच अगणित वेळा टाकून दिले की त्यांची बेरीज शून्यच राहते का (राहत नाही!), हे सगळं त्यानं रात्री बसून भरायचं. पाहुणा सकाळी ते वाचतो, आणि कधीकधी त्यालाच आपल्या सिद्धतेतली फट तिथे पहिल्यांदा दिसते.

त्याच मुरलीधर रावांचा १९६९ चा एक छोटा लेख अजून वर्गात शिकवला जातो. मार्टिंगेल म्हणजे असा खेळ ज्यात पुढच्या डावाची अपेक्षित कमाई शून्य. सरासरीनं वाढत जाणारा कुठलाही खेळ 'मार्टिंगेल अधिक एक वाढता हिस्सा' असा फोडता येतो. वेळ डावाडावानं जात असेल तर हे डूब यांनी चार ओळींत दाखवलं होतं. वेळ अखंड असेल तर मात्र ते जबरदस्त अवघड होतं, आणि फ्रान्सच्या पॉल-आंद्रे मेयर यांनी १९६२-६३ मध्ये बरीच जड सामग्री वापरून ते पार पाडलं. रावांनी वेळेचे बारीक तुकडे केले, प्रत्येक पातळीवर डूबचं सोपं विघटन लावलं, तुकडे लहान होत गेले तरी ते वाढते हिस्से हाताबाहेर जात नाहीत एवढं एकच नेमकं सिद्ध केलं, आणि मग दुर्बळ अभिसरणानं सीमा घेतली. कल्पना अमेरिकेची, प्रमेय फ्रान्सचं, सिद्धता एका भारतीयाची, आणि छापली स्कॅंडिनेव्हियातल्या नियतकालिकात. हे चौघं... नाही, तिघंच, पण एका खोलीत बसून त्यांनी हे काम केलेलं नाही. सहकार्य म्हणताना मला हेही त्यात धरावंसं वाटतं.

एका खोलीत बसल्यानं काय होतं त्याचा नमुना १९६२ मध्ये कोलकात्यात पाहायला मिळाला. इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटमध्ये तेव्हा वरदराजन, रंगा राव, पार्थसारथी आणि वरदन ही पोरं एकमेकांना शिकवत शिकत होती. त्या वर्षी कोल्मोगोरोव्ह पाहुणे म्हणून आले आणि वरदन यांच्या प्रबंधाचे परीक्षकही झाले. वरदन बोलले, वेळेपेक्षा बरंच जास्त. संपल्यावर कोल्मोगोरोव्ह काही सांगायला फळ्यापाशी उठले, तोच कंटाळलेले काही श्रोते बाहेर पडू लागले. कोल्मोगोरोव्ह यांनी खडू फेकला आणि तरातरा निघून गेले. वरदनना वाटलं, गेली डॉक्टरेट! राग अर्थात श्रोत्यांवर होता. अहवाल उत्तम आला. पुढच्याच वर्षी वरदन न्यूयॉर्कच्या कूरांट संस्थेत गेले, आणि तिथे डॅनियल स्ट्रूक यांच्याबरोबर त्यांनी १९६९ मध्ये मार्टिंगेल प्रश्न मांडला. इतोंच्या समीकरणाला सहगुणक बरेच गुळगुळीत लागतात. स्ट्रूक-वरदन म्हणाले, समीकरण बाजूला ठेवा. रस्त्यावरच्या कुठल्याही चांगल्या फलनातून ओढ्याचा हिस्सा वजा केल्यावर मार्टिंगेल उरतं का, एवढंच विचारा. मग चंचलतेचा सहगुणक नुसता संतत आणि कुठेही शून्य न होणारा असला, आणि ओढा अगदी खडबडीत पण मर्यादेत असला, तरी रस्त्याचं संभाव्यता-वितरण एकमेव ठरतं. ओढा वजा करा आणि उरलेल्याकडे पाहा. डोब्लिनच्या वहीत हीच नजर होती. वही त्या वेळी पॅरिसमध्येच होती, कुणी मागितली नव्हती.

आता जरा कामाचं बोलू. दोन देशांतली माणसं एकत्र पेपर लिहायला बसतात तेव्हा पहिली माती होते ती चिन्हांत. रशियन परंपरेत वितरण फलन म्हणजे 'x पेक्षा कमी' असण्याची संभाव्यता. इतरत्र 'x किंवा त्याहून कमी'. फासा टाका: F(3) एका पद्धतीनं १/३, दुसरीनं १/२. अखंड वितरणात फरक दिसत नाही, म्हणून चूक दहा पानं शांतपणे प्रवास करते आणि नेमकी त्या लेमात (सिद्धतेतल्या छोट्या टप्प्यात) फुटते जिथे उडी असते. नॉर्मल वितरणात दुसरा आकडा विचरण की प्रमाण विचलन? कागदावर ४ लिहून विचरण म्हणायचं असतं, 'आर' या संगणकभाषेत तोच ४ दिला की संगणक प्रमाण विचलन समजतो आणि सिम्युलेशन दुप्पट फाकतं. घातांकी वितरणाला 'आर' दर मागतो, पायथनमधलं 'नमपाय' सरासरी. सर्वांत चिवट आहे तो निम्म्याचा घोळ. संभाव्यतावाले समीकरणातल्या लाप्लासियनच्या (दुसऱ्या विकलनांच्या बेरजेच्या) आधी १/२ लावतात, विश्लेषणवाले लावत नाहीत. एकाच्या जगात t वेळेनंतर विचरण t, दुसऱ्याच्या जगात 2t. सिद्धता दोन्हीकडे बिनचूक, उत्तरातला स्थिरांक मात्र चुकलेला.

आणि कधीकधी सगळा पेपरच त्या स्थिरांकासाठी असतो. चौकोनी जाळीवर दर पावलाला नशिबानं दिशा निवडत चालणारा रँडम वॉकर n पावलांत ज्या ठिकाणी सर्वांत जास्त वेळा येतो, तिथे तो किती वेळा येतो? निघाला त्या जागेवर तो साधारण (log n)/π वेळा परततो. सर्वांत आवडत्या जागेचा आकडा (log n)²/π असावा असा अंदाज एर्डश आणि टेलर यांनी १९६० मध्ये केला. वरची बाजू त्यांनी सिद्ध केली, खालच्या बाजूला त्यांना १/π ऐवजी १/(४π) च मिळालं. दहा लाख पावलांसाठी सूत्रात आकडा घातला तर ६० च्या आसपास येतो. चारपटीची ती दरी बुजवायला चाळीस वर्षं लागली. २००१ मध्ये डेंबो, पेरेस, रोझेन आणि झाइटूनी यांनी ती बुजवली. दोन देश, चार विद्यापीठं. एका बिंदूभोवती एकात एक वर्तुळं काढायची, वॉकर प्रत्येक कड्यातून किती फेऱ्या मारतो ते मोजायचं, आणि ज्या बिंदूंच्या फेऱ्या प्रत्येक पातळीवर ठरल्या पट्टीत आहेत तेवढेच बिंदू हिशोबात घ्यायचे. बाकीचे घेतले की विचरण फुगून युक्तिवाद कोसळतो. अशा हिशोबात एका पावलाचं विचरण प्रत्येक अक्षावर १/२ असतं हे एका लेखकाच्या डोक्यातून निसटलं, तर π शेजारी २ येऊन बसतो आणि चाळीस वर्षांची मेहनत चुकीच्या आकड्याला लागते.

म्हणून मुरलेली माणसं मसुद्याच्या आधी एक पान चिन्हांचं करतात आणि ते कुणी बदलायचं नाही असं ठरवतात. फाइल एका वेळी एकाच्याच ताब्यात. ज्यानं लेमा लिहिला त्यानं तो तपासायचा नाही. दुसऱ्यानं तपासायचा, तोही वाचून नव्हे तर कोऱ्या कागदावर स्वतः लिहून. वाचताना माणूस मान डोलावत जातो, लिहिताना अडतो. तीन लेखक असले की धोका वाढतो, कमी होत नाही: पहिल्याला वाटतं दुसऱ्यानं पाहिलं असेल, दुसऱ्याला वाटतं तिसऱ्यानं. 'स्पष्टच आहे' हे शब्द मसुद्यात जिथे जिथे आहेत तिथे लाल खूण करावी; छिद्र बहुतेक वेळा तिथेच असतं. वेळेचा घोळ वेगळाच. भारत आणि न्यूयॉर्क यांच्यात उन्हाळ्यात साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते, युरोप शेवटच्या रविवारी, आपण कधीच नाही. त्या मधल्या दिवसांत त्रिस्थळी बैठक चुकली नाही तर नवल. आणि नावांचा क्रम: गणितात तो वर्णक्रमानं लागतो, त्यावरून कुणी किती केलं ते कळत नाही आणि कळू नये अशीच रीत आहे. हे आपल्याकडच्या निवड समित्यांना सांगून पाहावं. 'पण मुख्य लेखक कोण?' हा प्रश्न तरीही येतोच.

जर्मनीत ब्लॅक फॉरेस्टमधल्या ओबरवोल्फाखच्या संस्थेत जेवणाच्या टेबलावर कुणी कुठे बसायचं ते पाहुणे ठरवत नाहीत. नाव लिहिलेली रुमालाची पाकिटं कर्मचारी प्रत्येक जेवणाआधी मिसळून मांडतात. ओळखीच्यांनी ओळखीच्यांशीच बोलू नये एवढाच हेतू. संभाव्यतेच्या लोकांना हे अर्थातच फार आवडतं.

ज्या पेपरांसाठी एवढं सगळं करावं असं वाटतं, त्यांतले काही त्याच २००० सालाच्या आसपास लिहिले जात होते. कागदावर ब्राउनियन मोशनचा गुंता काढा आणि त्याची फक्त बाहेरची कड घ्या. त्या कडेची मिती (ती किती खडबडीत आहे ते सांगणारा आकडा) ४/३ असावी, असं मॅंडेलब्रो यांनी १९८२ मध्ये चित्रांकडे बघून म्हटलं होतं. भौतिकशास्त्रज्ञांकडे आकडे होते, सिद्धता नव्हती. ग्रेग लॉलर अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात. त्यांनी मितीचा प्रश्न एका घातांकात उतरवला. रस्त्यावरचा एखादा बिंदू कडेवर केव्हा असतो? तिथे येणारा रस्ता आणि तिथून पुढे जाणारा रस्ता, दोघं मिळून त्याला घेरत नाहीत तेव्हा. कागदाचे ε बाजूचे चौकोन करा, ते साधारण १/ε² भरतील. एखाद्या चौकोनाला घेरलं न जाण्याची संभाव्यता ε चा २/३ वा घात असेल, तर कडेवरचे चौकोन ε च्या उणे ४/३ व्या घाताइतके उरतात. म्हणजे सगळा खेळ त्या २/३ चा. तो काही केल्या थेट काढता येईना. फ्रान्समधल्या ओर्सेच्या वेंडेलिन वेर्नर यांच्याबरोबर लॉलर यांनी दाखवलं की घातांक ब्राउनियन मोशनचा खासगी नाही: कोन राखणाऱ्या रूपांतरणात न बदलणारी आणि जोवर भिंतीला लागत नाही तोवर भिंतीची खबर नसलेली कुठलीही यदृच्छ वक्ररेषा तोच घातांक देईल. फक्त जिच्यावर गणित करता येईल अशी वक्ररेषा हवी होती. ती ओदेद श्राम यांच्याकडे होती. इस्रायलच्या वाइझमन संस्थेतून मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागात गेलेल्या या माणसानं लोव्हनर यांचं १९२३ चं, भलत्याच प्रश्नासाठी बनवलेलं समीकरण उचललं आणि त्याला चालवायला ब्राउनियन मोशन जोडलं. चालकाच्या वेगाचा आकडा ६ ठेवला की 'भिंतीची खबर नाही' हा गुण मिळतो. त्यानंतरचं काम इतोंच्या सूत्राचं: वर्गाची ती न टाकता येणारी संज्ञा लिहायची, मार्टिंगेल होण्यासाठी ओढा शून्य करायचा, एक साधं विकल समीकरण मिळतं, त्याचं मूळ काढायचं. २/३. तिघांपैकी कुणा एकाकडे हे तीनही तुकडे नव्हते, आणि ते असण्याचं कारणही नव्हतं. लॉलर रँडम वॉकमधून आले, श्राम भूमितीतून.

२००६ मध्ये माद्रिदच्या गणित परिषदेत वेर्नरना चाळिशीपर्यंतच्याच गणितज्ञांना दिलं जाणारं फील्ड्स पदक मिळालं. लॉलर वयाच्या मर्यादेबाहेर कधीचेच गेले होते. श्राम यांचा जन्म १० डिसेंबर १९६१ चा. २००२ च्या पदकासाठी १ जानेवारी १९६२ किंवा त्यानंतरचा लागत होता. तीन आठवडे! त्याच समारंभात पहिला गाउस पुरस्कार नव्वदीतल्या इतोंना जाहीर झाला, आणि तो त्यांच्या मुलीनं स्वीकारला. श्राम यांचं त्या परिषदेत मुख्य व्याख्यान होतं. झालेल्या कामाचा आढावा त्यांनी घेतला खरा, पण व्याख्यानाच्या शीर्षकातच 'प्रश्नांचा संग्रह' असंही होतं, आणि लेखात ते प्रश्न क्रमांक घालून मांडलेले आहेत, कुणीही उचलावेत म्हणून. काही सुटले. त्रिकोणी जाळीवरचं पर्कोलेशन (नशिबानं उघड्या-बंद होणाऱ्या जागांमधून आरपार वाट मिळते का, हा प्रश्न) स्मिर्नोव्ह यांनी २००१ मध्येच सोडवलं होतं. चौकोनी जाळीवर तेच दाखवायला अजून कुणाला जमलेलं नाही, आणि स्वतःचा रस्ता न ओलांडणारा वॉकर शेवटी चालकाचा आकडा ८/३ असलेल्या श्राम यांच्या वक्ररेषेवर जातो, हेही नाही.